लिस्बन नगरीं प्रथमच जाणारांस चार हिताच्या गोष्टी

परदेशीं जाणाऱ्या मनुष्याचें सामान दोन प्रकारचें असतें. एक पेटींत भरावयाचें व दुसरें डोक्यांत भरावयाचें. पेटींतील कांहीं राहिलें तर तें तेथील बाजारांत विकत मिळतें. डोक्यांतील सामान मात्र घरूनच न्यावें लागतें. मुलगा किंवा मुलगी नोकरीनिमित्त परदेशीं राहत आहे, आणि त्यांच्या आग्रहास्तव साठी उलटलेलीं आईबापें प्रथमच समुद्रापलीकडे निघालीं आहेत, हें दृश्य आतां आपल्या समाजांत परिचयाचें झालें आहे. अशांपैकीं ज्यांचा मुक्काम पोर्तुगालची राजधानी लिस्बन येथें पडणार असेल, त्यांच्याकरितां हा लेख आहे. पाहुण्यानें परक्या गांवीं पडूं नये, फसूं नये, उपाशीं राहूं नये आणि यजमानावर भार होऊं नये, हा या सूचनांचा पहिला हेतु. दुसरा हेतु नातवंडांसंबंधीं आहे. तो लेखाच्या अखेरीस सांगेन. सारा जन्म शाळेंत घालविलेल्या माणसास सूचना देण्याची खोड असते, ती वाचकांनीं सांभाळून घ्यावी.

निघण्यापूर्वीं

पोर्तुगाल हा शेंगेन देशांपैकीं एक असल्यामुळें व्हिसा त्या पद्धतीचा घ्यावा लागतो. त्यावर कोणत्याहि १८० दिवसांत फार तर ९० दिवस राहतां येतें. निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा काढावा लागतो. तो केवळ कागदपुरता न काढतां, आपल्या जुन्या व्याधींस तो लागू पडतो कीं नाहीं, हें अक्षर न् अक्षर वाचून पाहावें. १२ ऑक्टोबर २०२५ पासून या देशांच्या सीमेवर बोटांचे ठसे व चेहऱ्याचें छायाचित्र घेऊन नोंद करण्याची पद्धति सुरू झाली आहे. त्यामुळें विमानतळावर रांगेंत तिष्ठण्याची तयारी ठेवावी. ज्यांस फार वेळ उभें राहवत नाहीं, त्यांनीं चाकांची खुर्ची तिकिटाबरोबरच मागून ठेवावी. त्यांत संकोच मानूं नये.

नित्याचीं औषधें मुक्कामाच्या दिवसांहून आठ दिवस अधिक पुरतील इतकीं, मूळ वेष्टनांत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातांतील पिशवींत ठेवावीं. चिठ्ठींत औषधाचें कंपनीनें दिलेलें नांव न लिहितां मूळ द्रव्याचें नांव लिहवून घ्यावें, म्हणजे तेथील औषधविक्रेत्यास तें समजतें. औषधाचें दुकान हिरव्या क्रुसाच्या खुणेवरून ओळखावें. संकटसमयीं ११२ हा दूरध्वनि क्रमांक फिरवावा. पोलीस, रुग्णवाहिका व अग्निशामक दल यांसाठीं तो एकच आहे. घरीं दूरध्वनि करतांना मात्र ध्यानांत ठेवावें कीं, आपलें घड्याळ हिंवाळ्यांत तेथल्यापेक्षां साडेपांच तास व उन्हाळ्यांत साडेचार तास पुढें असतें. तेथें रात्रीचें जेवण आटोपून केलेला दूरध्वनि येथें झोपलेल्या घरास घाबरवून सोडतो.

नगराची ठेवण

लिस्बनला तेथील लोक लिश्बोआ म्हणतात. तेजु नदी (इंग्रजी नकाशांत हिचें नांव टेगस) अटलांटिक महासागरास मिळते, त्या मुखाजवळ तिच्या उत्तर तीरावर हें नगर वसलेलें आहे. तें सात टेकड्यांवर आहे असें म्हणण्याचा प्रघात आहे. पण पायांनीं मोजणारास त्या सातांहून बऱ्याच अधिक वाटतात.

१ नोव्हेंबर १७५५ रोजीं, ख्रिस्ती लोकांच्या सर्व संतांच्या सणाच्या सकाळीं, येथें प्रचंड भूकंप झाला. त्यामागोमाग समुद्र नदीच्या मुखांतून शहरांत शिरला, आणि ठिकठिकाणीं लागलेल्या आगी कित्येक दिवस जळत राहिल्या. नंतर पोंबालचा मार्क्विस म्हणून प्रसिद्ध असलेल्या प्रधानानें नदीकांठचा सखल भाग सरळ व एकमेकांस काटकोनांत छेदणाऱ्या रस्त्यांनीं नव्यानें बांधविला. त्यास बाइशा म्हणतात. तिच्या पूर्वेस किल्ल्याची टेकडी व आल्फामा ही जुनी वस्ती, पश्चिमेस शियादु व बाइरु आल्तु हे चढावरचे भाग, दक्षिणेस नदी. एवढें ध्यानांत ठेवलें म्हणजे अर्धा नकाशा पाठ झाला. आल्फामाच्या बोळांत वाट चुकली तर घाबरूं नये. उतारानें खालीं यावें. उतार बहुधा नदीकडे किंवा बाइशाकडे आणून सोडतो.

पायांविषयीं

लिस्बनमध्यें वृद्ध पाहुण्याचा पहिला शत्रु चोर नव्हे, पायांखालचा दगड होय. तेथील पदपथ चुनखडीच्या पांढऱ्या आणि काळ्या दगडांच्या लहान लहान चौकोनी तुकड्यांनीं मढविलेले आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ही कारागिरी तेथें वाढली, आणि ती खरोखर पाहण्यासारखी आहे. परंतु पाहावयाची असेल तेव्हां उभें राहून पाहावी. असंख्य तळव्यांनीं घांसून ते दगड गुळगुळीत झालेले असतात. नाशिकच्या घाटावर ज्यानें श्रावणांत पाऊल टाकलें असेल, त्यास पावसाची सर येऊन गेल्यावर हे पदपथ कसे होतात तें निराळें सांगावयास नको. पाऊस मुख्यतः ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत पडतो. म्हणून वयस्कांनीं एप्रिल ते जून किंवा सप्टेंबर हा काळ निवडावा. जुलै-ऑगस्टांत ऊन प्रखर असतें, आणि संध्याकाळीं उत्तरेचा गार वारा सुटतो. तेव्हां उन्हाळ्यांतहि एक शाल जवळ असावी.

पायांत रबरी, खांचा असलेल्या तळाचे बूट घालावेत. चपला व नवे गुळगुळीत तळाचे जोडे घरींच ठेवावेत. स्त्रियांनीं साडी नेसल्यास निऱ्या घोट्याच्या वर राहतील अशी नेसावी; पायऱ्यांवर निऱ्यांत पाय अडकण्याचें भय मोठें आहे. काठी न्यावी, व तिच्या टोंकास रबराची टोपी असावी. आणि एक गोष्ट विसरूं नये : चढण दम काढते, पण उतरण हाड मोडते. म्हणून दमलेल्या पायांनीं उतरूं नये. जेथें वाहन मिळेल तेथें उतरण्यासाठींच तें आधीं वापरावें.

चढ टाळण्याच्या सोयीहि आहेत. बाइशा-शियादु या भुयारी रेल्वेच्या स्थानकांतील सरकत्या जिन्यांनीं सखल भागांतून शियादुच्या माथ्यावर सहज जातां येतें. किल्ल्याच्या बाजूस रुआ दुश फान्कैरुश या रस्त्यावरील एका इमारतींत सार्वजनिक पाळणा आहे. त्यास पैसे पडत नाहींत. सांता जुश्ता नांवाचा ४५ मीटर उंचीचा लोखंडी पाळणा १९०२ सालीं सुरू झाला. तो प्रेक्षणीय आहे, पण रांग फार मोठी असते. तीव्र चढावर दोराच्या साह्यानें चालणाऱ्या जुन्या गाड्यांविषयीं मात्र सावधगिरीनें बोललें पाहिजे. त्यांपैकीं ग्लोरिया मार्गावरील गाडीस ३ सप्टेंबर २०२५ रोजीं भीषण अपघात होऊन सोळा माणसें मृत्युमुखीं पडलीं. यास्तव असल्या गाड्या त्या वेळीं चालू आहेत कीं नाहींत, याची चौकशी जागेवर करावी, आणि सहलीचा बेत त्यांवर अवलंबून ठेवूं नये.

भाड्यानें खोली घेतांना प्रथम प्रश्न विचारावा तो पाळण्याचा. जुन्या इमारतींना तो पुष्कळदां नसतो. पत्त्यांत “३.º एश्क.” असें दिसलें तर तिसरा मजला, डावी बाजू असें समजावें, “दिर.” म्हणजे उजवी बाजू. तळमजल्यास ते निराळी संज्ञा देतात, म्हणून त्यांचा तिसरा मजला म्हणजे तीन जिने चढून जाणें होय.

पैशांविषयीं व चोरांविषयीं

भुयारी रेल्वे, ट्राम व बस यांसाठीं एकच कार्ड मिळतें. त्यास नावगान्त म्हणतात. कार्डाचे अर्धा युरो पडतात व त्यांत पैसे किंवा चोवीस तासांचें तिकीट भरून घेतां येतें. नवराबायकोंत एक कार्ड चालत नाहीं. प्रत्येकाचें निराळें असावें लागतें, आणि गाडींत चढतांना तें यंत्रास लावावें लागतें. विमानतळ शहराच्या अगदीं लगत असून तेथून भुयारी रेल्वेची तांबडी शाखा शहरांत येते.

अठ्ठावीस क्रमांकाची पिंवळी ट्राम जगप्रसिद्ध आहे. जुन्या लांकडी आसनांची ती चिमुकली गाडी आल्फामाच्या अरुंद रस्त्यांतून भिंतींना जवळ जवळ घांसत जाते. तिच्या कीर्तीमुळें तींत गर्दी होते, आणि गर्दीमुळें खिसेकापू होतात. तींत बसावयाचें असेल तर सकाळीं लौकर, ती जेथून सुटते त्या ठिकाणीं म्हणजे मार्तीं मोनीश किंवा कांपु द औरीक येथें चढून बसावें. मधल्या थांब्यावर लोंबकळूं नये. पारपत्र, मोठ्या नोटा व बँकेचें एक कार्ड कपड्यांच्या आंत कमरेस बांधलेल्या पिशवींत असावें. दुसरें कार्ड व पारपत्राची प्रत घरीं ठेवावी. पाटल्या, गोठ व मोठें मंगळसूत्र स्वदेशींच सुरक्षित असतें. तेथें काळ्या मण्यांची साधी पोत पुरे.

पैसे देणारें यंत्र कधीं कधीं रुपयांत हिशेब करूं कीं युरोंत, असें विचारतें. नेहमीं युरो हेंच उत्तर द्यावें. रुपयांत हिशेब करण्याची ती सोय आपल्या हिताची नसून यंत्रवाल्याच्या हिताची असते. बाइशाच्या रस्त्यांवर कोणी जवळ येऊन हलक्या आवाजांत अंमली पदार्थ देऊं करील. तो पदार्थ पुष्कळदां नुसता पाला असतो, हा भाग वेगळा. त्याशीं हुज्जत न घालतां “नको” म्हणून पुढें चालावें.

पोटाविषयीं

शाकाहारी मनुष्यास लिस्बनमध्यें उपास पडेल ही भीति अनाठायीं आहे. पण डोळे मिटून खाल्लें तर व्रत मोडेल, ही भीति खरी आहे. येथें आपली मायबोली आपल्या मदतीस येते. पाव, बटाटा, कोबी, अननस, काजू हे मराठी झालेले शब्द पोर्तुगीजांकडूनच आलेले आहेत. चावी, मेज, बालदी, लिलाव, मेस्त्री, पाद्री, नाताळ हेहि त्याच वाटेनें आले. आपला पगार हा त्यांच्या भाषेंत ‘देणें’ या अर्थाचा धातु आहे. बताता, अननाश, कोव असे शब्द कानीं पडले कीं परकेपणा निम्मा कमी होतो. चहाला ते ‘शा’ म्हणतात.

‘मांस’ या अर्थीं त्यांचा शब्द ‘कार्न’. पण ‘मांस नको’ एवढ्यानें काम भागत नाहीं, कारण मासळी, कोंबडी किंवा वाळविलेल्या मांसाचे पातळ काप हे पुष्कळांच्या मतें त्या शब्दांत येतच नाहींत. म्हणून “सें कार्न, सें पैश, सें फ्रांगु” असें म्हणावें. मांसाविना, मासळीविना, कोंबडीविना असा त्याचा अर्थ. अंडें वर्ज्य असल्यास “सें ओवु” हेंहि जोडावें. काल्दु व्हेर्द नांवाचें हिरव्या भाजीचें सुंदर दिसणारें सार असतें. त्यांत बहुधा मसालेदार मांसाची चकती सोडलेली असते. नुसत्या भाजीचें सारहि कधीं मांसाच्या पाण्यांत शिजविलेलें असतें, विचारून घ्यावें. बेलेम येथील प्रसिद्ध गोड पेस्ट्री १८३७ पासून विकली जाते. तिच्या आंतील पिंवळा गर अंड्याच्या बलकाचा असतो. कित्येक जुन्या मिठाईंत डुकराची चरबी घालण्याची चाल आहे. तिचें नांव ‘बान्या’.

टेबलाशीं बसतांच न मागतां पाव, लोणी, ऑलिव्ह व चीज आणून ठेवतात. तें आतिथ्य नव्हे. त्यास हात लावला कीं त्याचे पैसे पडतात. नको असेल तर हंसून परत करावें. ‘आभारी आहें’ हें म्हणतांना पुरुषानें ‘ओब्रिगादु’ व स्त्रीनें ‘ओब्रिगादा’ म्हणावें. शब्दाचें लिंग बोलणाराप्रमाणें बदलतें, समोरच्याप्रमाणें नव्हे; ज्यांनीं संस्कृतांत विशेषणें चालविलीं आहेत त्यांस हें एका दिवसांत वळणीं पडेल. दुपारपर्यंत ‘बों दिया’, दुपारनंतर ‘बोआ तार्द’ असें अभिवादन करून मगच काय हवें तें सांगावें. हें न करतां एकदम मागणी करणारा मनुष्य तेथें उद्धट समजला जातो.

नळाचें पाणी निर्धास्त प्यावें. मार्तीं मोनीशच्या परिसरांत डाळी, तांदूळ व मसाले मिळणारीं हिंदी दुकानें आहेत. लुमियार भागांत तेथील हिंदु समाजानें बांधलेलें राधाकृष्णाचें मंदिर आहे. या समाजांतील पुष्कळ कुटुंबें मूळचीं गुजराती असून मोझांबिकमार्गें तेथें आलीं. मंदिराच्या आवारांत शाकाहारी भोजनाचीहि सोय आहे. तिच्या वेळा अगोदर विचारून जावें. एकादशीचें तर मुळींच अडत नाहीं. बटाटा, बदाम, सुकीं अंजिरें, दहीं, आणि मादैरा बेटावरील लहान गोड केळीं कोठेंहि मिळतात.

समुद्राविषयीं

काइश दु सोद्रे या स्थानकावरून काश्काइश गांवास आगगाडी जाते. नदी व समुद्र यांच्या कांठाकांठानें सुमारें चाळीस मिनिटांचा तो प्रवास फार रम्य आहे. पण कोंकणच्या कोमट पाण्याची संवय असलेल्यांनीं ध्यानांत ठेवावें कीं, हा अटलांटिक महासागर आहे; भर उन्हाळ्यांतहि त्याचें पाणी थंडगार असतें. किनाऱ्यावर हिरवें निशाण असेल तर स्नानास हरकत नाहीं. पिंवळें असेल तर पोहूं नये. तांबडें असेल तर पाण्यांत पाऊलच टाकूं नये. निळ्या-पांढऱ्या चौकटींचें निशाण असेल तर रक्षक तात्पुरता जागेवर नाहीं असें समजावें. काबु दा रोका हें युरोपच्या मुख्य भूमीचें अगदीं पश्चिमेचें टोंक. तेथें सुमारें १४० मीटर उंचीचा कडा आहे व वारा सोसाट्याचा असतो. छायाचित्रासाठीं कठड्यापलीकडे जाणें हा शुद्ध अविचार होय.

बेलेम, आणि नातवंडें

आतां शेवटची गोष्ट. शहराच्या पश्चिमेस नदीकांठीं बेलेम हें स्थान आहे. पंधरा क्रमांकाची ट्राम तेथें जाते. येथूनच जुलै १४९७ मध्यें वास्को द गामा निघाला, आणि मे १४९८ मध्यें कालिकतास पोहोंचला. तेथील जेरोनिमुश मठाचें बांधकाम १५०१ च्या सुमारास सुरू झालें. दगडांतील तें कोरीव काम पाहून आपल्याकडील देवालयें आठवतात. सोमवारीं मठ बंद असतो. अन्य दिवशीं सकाळीं उघडतांच जावें. त्याच्या चर्चमध्यें वास्को द गामाची समाधि आहे, व कवि कामोइंश याचीहि.

या समाधीपुढें उभें राहिल्यावर आपल्या मनांत काय यावें? तेथील शाळांतून मुलें वास्कोस थोर दर्यावर्दी म्हणून ओळखतात, आणि तो तसा होताहि. पण आफ्रिकेच्या मालिंदी बंदरांत मिळालेल्या वाटाड्याच्या साह्यानें तो हिंदुस्थानास आला, हेंहि खरें. आणि १५०२ च्या दुसऱ्या सफरींत मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचें जहाज त्यानें माणसांसह जाळलें, हेंहि खरें. मठासमोर नदीच्या कांठीं १९६० सालीं उभारलेलें प्रचंड स्मारक आहे. त्यावर राजपुत्र हेन्रीमागें खलाशी, नकाशे काढणारे व पाद्री रांगेनें कोरलेले आहेत. त्या रांगेंत मालिंदीचा वाटाड्या नाहीं. तें स्मारक उभें राहिलें तेव्हां गोवा पोर्तुगीजांच्याच ताब्यांत होता. पुढच्याच वर्षीं, १९ डिसेंबर १९६१ रोजीं, ती सत्ता संपली. १५६० मध्यें गोव्यांत स्थापन झालेलें धर्मन्यायासन आणि १७३९ मध्यें चिमाजी आपांनीं घेतलेली वसई या गोष्टी आपल्या घरांत अजून सांगितल्या जातात. बेलेमच्या दगडांवर त्या कोठेंहि लिहिलेल्या नाहींत.

म्हणून तेथें नमस्कार करण्याचें कारण नाहीं, आणि दांतओठ खाण्याचेंहि नाहीं. तिकीट देणारी तरुण मुलगी ही पांचशें वर्षांपूर्वींच्या आरमाराची जबाबदार नव्हे. खुद्द तेथील लोकांनीं २५ एप्रिल १९७४ रोजीं आपली हुकूमशाही उलथून टाकली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पोर्तुगालनें गोव्यावरील भारताचें स्वामित्व मान्य केलें. पाहुण्यानें इतिहास विसरूं नये, आणि यजमानाकडे त्याचा जाबहि मागूं नये, ही मर्यादा आहे.

मग तो इतिहास सांगावयाचा कोणास? लिस्बनच्या शाळेंत जाणाऱ्या आपल्या नातवास किंवा नातीस. त्या मुलास जहाज सुटलें तो कांठ शाळेंत शिकवितील. जेथें तें लागलें त्या कांठाची गोष्ट त्यास कोण सांगणार? त्याच्या आईबापांस नोकरीमुळें सवड नसते. तेथें ती गोष्ट जाणणारीं व सांगण्यास मोकळीं असणारीं माणसें आजी-आजोबाच होत. रागानें नव्हे, कीर्तनाच्या आवेशानेंहि नव्हे, तर पाव शब्द कोठून आला येथपासून आरंभ करून हळूहळू सांगावें. मुलाच्या मनांत दोन्ही कांठ एकत्र नांदूं लागले, म्हणजे त्यास आपल्या वर्गांतील मित्राचा द्वेष करावा लागणार नाहीं, आणि आपल्या आजोबांच्या गांवाची लाजहि वाटणार नाहीं.

यासाठीं निघण्यापूर्वीं वसईचा किल्ला स्वतः एकदां पाहून यावा. मुंबईहून तो एका दिवसाचा प्रवास आहे. तेथील ओसाड चर्चांच्या भिंती पाहून आलेला मनुष्य बेलेमला गेला, तर त्यास दोन्ही ठिकाणच्या दगडांची ओळख पटेल. पेटींत याचें ओझें होत नाहीं, आणि विमानतळावर त्यावर जकातहि पडत नाहीं. लिस्बनला जाणाऱ्या वाचकांचा प्रवास निर्विघ्न होवो, पाय स्थिर राहोत, आणि सांगावयाची गोष्ट सांगून ते सुखरूप परत येवोत.